पानेकाका

आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या मंडळींनी सत्यनारायण घातला, तेव्हाची गोष्ट. गुरुजी येऊन बसले आणि विड्याची पानं आणायची राहिली असं लक्षात आलं. वॉचमन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर पानेकाका आहेत की." बाईंनी घाईघाईत चिठ्ठी खरडून मुलाला वर पिटाळलं. चिठ्ठीत एवढंच: 'पाने २५, लगेच.'

तोवर काकांकडे कुणी आपणहून पाने मागितले नव्हते. त्यांना भरून आलं असावं. वीस मिनिटांनी ते स्वतःच खाली उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ताडपत्रीची पिशवी. ती त्यांनी चौरंगाशेजारी ठेवली तेव्हा असा आवाज झाला की केळीचे चारही खुंट हलले. "पंचवीसच म्हणालात, म्हणून निवडायला वेळ लागला," असं म्हणत त्यांनी गुरुजींपुढे एकेक लोखंडी पाना मांडायला घेतला. गुरुजींनी पहिला उचलला, उलटा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "काका, यावर सुपारी राहायची नाही."

'पान' आणि 'पाना' या दोघांचं अनेकवचन मराठीनं कागदावर एकच ठेवलं, त्याची किंमत काकांइतकी कुणी मोजली नसेल. त्यातून काहीजण पान्याला 'पान्हा' म्हणतात. काकांच्या बाबतीत तेही खोटं नाही. गंजलेला, मुका, वाकडा पाना दिसला की त्यांना पान्हा फुटतो.

'पाने' हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी रेल्वेच्या रुळाचे बोल्ट आवळायच्या हातभर लांब पान्याला टांगलेली असल्यामुळे येणारा माणूस पाटी वाचण्याऐवजी डोकं सांभाळतो. काकांचं वय ७१. नोकरी चौतीस वर्षं बँकेत. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची, हे काम. तेलाचा हात, मळकी डांगरी, गॅरेज यांच्याशी त्यांचा सात पिढ्यांचा संबंध नाही. सायकलची चेन पडली तर ते सायकल हातात धरून घरी येत. आज त्यांच्याकडे ४१२ पाने आहेत आणि त्यांपैकी एकानंही काकांच्या हातात नट फिरवलेला नाही.

सुरुवात झाली ती मिक्सरच्या झाकणापासून. काकूंच्या मिक्सरच्या भांड्याचं झाकण फुटलं म्हणून काका जुन्या बाजारात गेले. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्याबाहेरच्या माणसाला हे वाक्य दोनदा सांगावं लागतं. झाकण मिळालं नाही. काकांनी एक पितळी कुलूप घेतलं, आणि विक्रेत्यानं वरताळा म्हणून एक पाना हातावर ठेवला. काका नको म्हणणार, एवढ्यात त्यांना त्याच्या दांड्यावर सही दिसली. तिरक्या, वळणदार, जोडअक्षरात केलेली. फोर्ड.

वर्षानुवर्षं सह्या पाहिलेल्या माणसाला लोखंडावर सही दिसली! ती फोर्डच्या मॉडेल टी गाडीबरोबर मिळणाऱ्या हत्यारांतली होती, हे त्यांना नंतर कळलं. १९०८ ते १९२७ या काळात त्या गाड्या दीड कोटी निघाल्या आणि गाडीबरोबर पान्यांचा संच मिळे, म्हणजे त्या पान्याला जमवणाऱ्यांच्या जगात फुटाण्याचं मोल. पण काकांना त्या दिवशी किंमत दिसलीच नाही. 'एफ'चा आडवा फराटा कसा सुटलाय, तेवढंच दिसलं. मिक्सरचं झाकण आजतागायत आलेलं नाही. काकू भांड्यावर ताटली धरून चटणी वाटतात.

माझ्याकडे स्कूटर आहे आणि पाठीचा मणका शाबूत आहे, या दोन गुणांवर काकांनी मला रविवारचा सहकारी नेमला. बाजारात शिरण्याआधी ते मला दरवेळी एकच सूचना देतात: "हवा असलेल्या पान्याकडे बघायचं नाही." मग ते स्वतः एका फाटक्या चादरीपुढे उकिडवे बसतात, आणि घड्याळाचा पट्टा, फोनचा चार्जर, बाहुलीचा हात अशा वस्तूंचे भाव विचारत राहतात. पाना डाव्या कोपऱ्यात पडलेला असतो. काका उजवीकडे पाहत असतात. विक्रेता काकांकडे पाहत असतो. गेली वीस वर्षं हे चाललंय, आणि गेली वीस वर्षं विक्रेता शेवटी म्हणतो, "अंकल, तो पाना घेऊन टाका ना, तुमच्यासाठीच ठेवलाय."

"कसला पाना?" काका दचकतात.

"ड्रॉप फोर्ज कंपनीचा आहे. ओरिजिनल."

इथे काकांचा मुखवटा गळून पडतो. ड्रॉप फोर्ज ही कंपनी नाही. तापवलेलं पोलाद साच्यावर ठेवून त्यावर वरून जड घण पाडायचा, अशा घडणीचं ते नाव आहे. जगातल्या निम्म्या पान्यांवर ते छापलेलं असतं. काकांनी हे त्या बाजारात इतक्यांदा समजावलंय की आता पोरंटोरं मुद्दाम म्हणतात. त्यात एकजण पुढे सरकून म्हणतो, "माझ्याकडे क्रोम व्हॅनेडियम कंपनीचा पण आहे." व्हॅनेडियम हा धातू आहे हे सिद्ध करण्यात काकांचा अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात पान्याचा भाव चाळीसनं वाढतो.

मात्र काका खरे हादरलेले मी एकदाच पाहिले. ओळखीच्या विक्रेत्यानं मोठ्या प्रेमानं फडक्यात गुंडाळलेला एक पाना काढला. "तुमच्यासाठी स्पेशल पॉलिश मारून आणलाय." पाना आरशासारखा लखलखत होता. ग्राइंडरवर घासून त्यानं गंज काढला होता आणि गंजाबरोबर अक्षरंही. काकांनी तो हातात घेतला. ओठ हलले, शब्द आला नाही. मयताला आलेल्या माणसासारखे ते थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मग पूर्ण पैसे देऊन त्यांनी तो घेतला. घरी त्याच्यासाठी वेगळा खण आहे. त्यावर चिठ्ठी आहे: 'बेवारस.'

काकांची खरी मजा पाना ओळखण्यात. रविवारी दुपारी जेवण झालं की गॅलरीत वर्तमानपत्र पसरतं. पाना आधी रॉकेलमध्ये मुरवलेला असतो. काका जुन्या टूथब्रशानं चिखल काढतात. मग काकूंचा पावडरचा डबा येतो. चिमूटभर पावडर दांड्यावर टाकून काका ती अंगठ्यानं हलकेच चोळतात, जसं बाळाच्या मानेला लावावी तसं, आणि मग तळहातानं वरची वर पुसतात. उंच जागेवरची पावडर जाते, खोलातली राहते. काळ्या लोखंडातून पांढरी अक्षरं हळूहळू वर येतात. भिंग लावून काका पुटपुटायला लागतात, "बी... आय... हां, बर्मिंगहॅम. ये रे बाबा, बाहेर ये." त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहावा. मोठमोठ्या रकमेचा खोटा चेक पकडतानाही तो असाच होत असेल.

अक्षरांपेक्षा त्यांना चित्रं आवडतात. बुलडॉग दिसला तर बर्मिंगहॅमचा किंग डिक. गोगलगाय दिसली तर सॉल्टलीचा थॉमस स्मिथ. त्रिकोणात 'बी' असेल तर अमेरिकेतल्या हार्टफर्डचे बिलिंग्ज अँड स्पेन्सर. 'गेडोरे' हे कुणा इटालियन माणसाचं नाव नसून रेमशाइड गावच्या डोविडाट बंधूंच्या आद्याक्षरांची खिचडी आहे, हे त्यांनी मला लिफ्ट बंद पडली असताना सांगितलं. पळायला जागा नव्हती. आणि सगळ्यात मानाची खूण म्हणजे तीन रेघांचा बाण, ब्रिटिश लष्करी मालावरचा. खडकी-देहूरोडकडे लष्कराचे मोठे डेपो, त्यांचा जुना माल लिलावात निघायचा, म्हणून पुण्याच्या भंगारात तो अधूनमधून दिसतो. हा बाण हुबेहूब कावळ्याच्या पावलासारखा असतो. काकांच्या मते ज्या पान्याला कावळा शिवलेला नाही, त्याला गती नाही.

एकदा मी सहज विचारलं, "काका, एवढे प्रकार कशाला? नटाला सहाच तर बाजू." ती चूक मला रात्री साडेदहापर्यंत पुरली.

काकांनी एक पाना माझ्या हातात दिला. त्यावर 'पाव, डब्ल्यू' असा आकडा. "हा कितीचा?"

"पाव इंची."

"मोज." मी पट्टी लावली. तोंड अर्ध्या इंचाहून मोठं निघालं. मी पुन्हा लावली.

"तिसऱ्यांदा लावलीस तरी ०.५२५ इंचच भरणार," काका खुशीत म्हणाले. "अरे, हा आकडा पान्याच्या तोंडाचा नाहीच. ज्या बोल्टाला तो लागतो, त्या बोल्टाच्या अंगाची जाडी पाव इंच. पाना बसतो बोल्टाच्या डोक्यावर, आणि नाव सांगतो अंगाचं."

म्हणजे दंडाचं माप घेऊन टोपी शिवण्यातला प्रकार. हे व्हिटवर्थ साहेबांचं माप. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं, पंचावन्न अंशांच्या कोनाचं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टावर चढत नसे, बेटीव्यवहार बंद. व्हिटवर्थनं तो सुरू केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला इंग्रजांनी बोल्टांची डोकी एका मापानं लहान केली, अंग तेवढंच ठेवलं. मग एकाच पान्यावर दोन-दोन आकडे आले. त्यात १८८४ पासून बारीक कामासाठी 'बीए' नावाची तिसरी पद्धत होतीच. इंग्रजांची असून मिलिमीटरवर बेतलेली, आणि तिच्यात शून्य सगळ्यात मोठा. आकडा वाढेल तसा बोल्ट लहान होत जातो. "हे मात्र थेट अध्यात्म आहे," काका म्हणाले.

आपल्याकडे हे सगळं आगगाड्यांबरोबर, गिरण्यांबरोबर, मोटारींबरोबर आलं आणि एकमेकांत मिसळलं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, मेट्रिक आलं आणि पान्यांना सरळ, प्रामाणिक आकडे मिळाले. जे तोंड तेच नाव. गॅरेजमधला पोरगा हात पुढे करून "बारा-तेरा दे" म्हणतो आणि बारा-तेराच मिळतो. काकांना याचं दुःख आहे. "बारा-तेरा!" ते म्हणतात, "हा काय पाना आहे? हा मटक्याचा आकडा झाला."

१८४१ हे साल काकांना फार प्रिय, कारण त्याच साली अमेरिकेत वूस्टर गावच्या लॉरिंग कोजनं स्क्रू फिरवून तोंड कमीजास्त करता येणाऱ्या पान्याचं पेटंट घेतलं. त्या घराण्याला पुढे मंकी पाना म्हणू लागले. मंकी नावाच्या कुणा चार्ल्सनं तो शोधला, अशी एक कथा प्रचलित आहे. ती निराधार आहे, आणि काकांसमोर ती सांगणं म्हणजे ज्ञानेश्वरांची भिंत डिझेलवर चालली म्हणण्यासारखं आहे. एका टोकाला व्हिटवर्थ, एका टोकाला कोज. "एकानं सांगितलं, नट पान्याप्रमाणे करा. दुसरा म्हणाला, पानाच नटाप्रमाणे होईल. एकाच वर्षी!" काकांच्या बॅगेच्या कुलपाचा, मोबाईलचा आणि एटीएमचा आकडा १८४१ आहे, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. सगळ्यांनी हे ज्ञान सज्जनपणे वापरायचं टाळलेलं आहे.

आता काकूंविषयी. काकू मूळच्या वाईच्या. आवाज न चढवता माणूस गार करायची विद्या त्यांना माहेरून मिळालेली. पान्यांना त्यांचा विरोध नाही. घराच्या स्लॅबवर सव्वादोनशे किलो लोखंड झालं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "खालचे लोक चांगले आहेत हो. मला त्यांचंच वाईट वाटेल." अमेरिकेत मिसूरी व्हॅली रेंच क्लब नावाची पाने जमवणाऱ्यांची संघटनाच आहे, असं काकांनी एकदा अभिमानानं सांगितलं. काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "त्यांच्या बायकांचीही असेल का हो?"

एकदाच त्यांचा संयम सुटला, तो तव्यावरून. काका गंज काढायची विजेची रीत शिकले होते. बादलीत पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा, गाडीची बॅटरी चार्ज करायचा चार्जर. पाना लावायचा ऋण टोकाला आणि धन टोकाला लोखंडाचा एखादा टाकाऊ तुकडा. वीज सोडली की पान्याभोवती बुडबुडे फुटायला लागतात, गंज सुटून वर फेस येतो, आणि धन टोकाचा तुकडा हळूहळू पाण्यात विरत जातो. तिथे स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातल्या क्रोमियमनं पाणी विषारी होतं, हा नियम काकांनी काटेकोर पाळला. नाहीतर झाऱ्याचाही निकाल लागला असता. त्यांनी टाकाऊ लोखंड म्हणून माळ्यावरचा बिडाचा तवा घेतला. दोन दिवस बाथरूम बंद होतं. कामाच्या बाई दारातूनच, "आत काहीतरी शिजतंय," म्हणून परत गेल्या. तिसऱ्या दिवशी पाना उजळून बाहेर आला आणि तवा चाळणीसारखा.

"तो सासूबाईंचा होता," काकू म्हणाल्या.

"अगं, आईचा होता म्हणजे माझ्याच—"

"त्यावर घावन करत होते मी. तीस वर्षं." आणि आठवडाभर घरात घावन सोडाच, पोळीलाही तेल लागलं नाही.

काकांच्या संग्रहाची खरी कसोटी मात्र नळानं घेतली. बाथरूमचा नळ ठिबकायला लागला. काकांनी प्लंबरला फोन केला. प्लंबर आला, नळ बघितला, पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. "काका, पाना विसरलो. एक द्या की." बोलता बोलता त्याची नजर हॉलच्या भिंतीवर गेली. भिंतभर पाने. एस आकाराचे, मगरीच्या जबड्याचे, दोन्ही टोकांना लाडूएवढे गोळे आणि गोळ्यांना दहा मापांची भोकं असलेले सायकलचे. तो आनंदून पुढे झाला. काका मधे उभे राहिले. त्यांनी हात पसरले होते असं मी म्हणणार नाही, पण पसरल्यासारखे होते.

"तो स्टिलसनचा आहे," काका म्हणाले.

"असू दे की. पाईपपानाच लागतोय मला."

डॅनियल स्टिलसननं १८६९ मध्ये पेटंट घेतलेला हा पाना. त्यानं लाकडाचा नमुना करून मालकाला दाखवला, तेव्हा मालक म्हणे म्हणाला की खरा बनवून आण आणि पिरगळ, एकतर पाईप तुटेल नाहीतर पाना. पाईप तुटला. ही कथा काकांनी प्लंबरला तिथेच बाथरूमच्या दारात सांगितली. नळ ठिबकत होता. प्लंबरनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चालतोय ना? मग द्या."

काकांनी खिशातून पैसे काढून मला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. मी टपारियाचा नवा स्क्रूपाना आणला. प्लंबरनं तीन मिनिटांत काम संपवलं आणि तो पाना काकांना दिला. काकांनी तो दोन बोटांत धरून पाहिला. "चांगला आहे," ते म्हणाले, "पण कालचा आहे." आणि स्वयंपाकघरात, लाटण्याच्या खणात टाकला.

काकांच्या कपाटात एक खण आहे, 'अनोळखी' नावाचा. जे पाने पावडर लावूनही बोलत नाहीत, ते तिथे. माणसाचं नाव कळलं नाही की आपण विसरून जातो. काका मात्र अनोळख्यांनाच जास्त जपतात. त्यांचं म्हणणं असं की पाना हा नेहमी जोडीतला असतो. कुणीतरी एक विशिष्ट नट डोळ्यांपुढे ठेवून तो घडवलेला असतो. गाडी भंगारात जाते, गिरणी बंद पडते, यंत्र वितळवतात. नट जातो आणि पाना मागे राहतो. "मग तो कुणाचा, हे कुणीतरी सांगायला नको?" असं ते म्हणाले, त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करता आली नाही.

त्या खणातला सगळ्यात जुना रहिवासी म्हणजे एक चपटी पट्टी. पत्रा कापून केलेली, वीतभरही नाही. एका टोकाला षटकोनी खाच, बरीच मोठी. दुसऱ्या टोकाकडे लहान भोक. मधोमध झिजलेली तीन इंग्रजी अक्षरं: आर, आय, एम. रिम. म्हणजे सायकलच्या रिमशी संबंध असणार, या तर्कावर काकांनी बावीस वर्षं काढली होती. पण जगातल्या कुठल्याही सायकलच्या चाकात त्या खाचेचा नट नव्हता. काकांनी फोटो काढून परदेशी पाठवले. कुणी म्हणालं बग्गीचा असेल, कुणी म्हणालं शिवणयंत्राचा. काकांनी लेबलवर 'रिम' पुढे प्रश्नचिन्ह घातलं, मग दुसरं घातलं.

परवा दिवाळीच्या साफसफाईत मी मदतीला गेलो होतो. खण जमिनीवर रिकामा केलेला. काकू केर काढत आल्या, वाकल्या आणि ती पट्टी उचलून म्हणाल्या, "ही इथे होय! मी इतकी वर्षं शोधत्येय."

काकांच्या हातातलं भिंग खाली आलं. "तुला काय माहीत ते काय आहे?"

"स्टोव्हची चावी आहे. बर्नर घट्ट करायची. या भोकातून निपल काढायचं."

"त्यावर रिम लिहिलंय."

काकूंनी पट्टी पदराला पुसली आणि अक्षरांच्या दोन्ही बाजूंच्या झिजलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे आधी पी होता. इथे पुढे यू, एस. प्रायमस. माझ्या आईनं दिलेल्या स्टोव्हबरोबरची आहे. तुम्ही एकदा माळा आवरलात ना, नंतर दिसली नाही."

मी काकांकडे पाहायचं टाळलं. बावीस वर्षांपूर्वी काकांनी तो पाना शोधून काढला होता, म्हणजे कुठून, ते आता उघड झालं होतं.

काका मात्र एव्हाना फोनकडे धावले होते. रात्री नऊ वाजता त्यांनी मला बोलावून घेतलं. डोळे चमकत होते. प्रायमस हा फ्रान्स लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसाचा स्टोव्ह, १८९२ सालचा. तो जगभर विकला स्टॉकहोमच्या बी. ए. ह्जोर्थ कंपनीनं, या नावाचा उच्चार काकांनी चार प्रकारे करून दाखवला. आणि एनशॉपिंग गावच्या योहान पेटर योहान्सननं अंगठ्यानं चाक फिरवून तोंड लहानमोठं करायचा पाना केला, त्याचं पेटंटही १८९२ चं. तोही विकला याच ह्जोर्थनं! 'बाहको' हे नाव त्याच्याच आद्याक्षरांतून आलं. "एकाच दुकानातून पाना आणि स्टोव्ह! आणि आपल्याकडे नाशिकला कारखाना असलेल्या टपारियानं १९६९ मध्ये सुरुवात केली, तीही स्वीडनच्याच तांत्रिक मदतीनं." काका क्षणभर थांबले. मग स्वयंपाकघरात जाऊन लाटण्याच्या खणातून त्यांनी प्लंबरचा तो पाना काढला, पुसला, आणि भिंतीवर योहान्सनशेजारी खिळा ठोकून टांगला. खिळा ठोकायला हातोडी माझ्याकडून नेली होती.

मागे स्वयंपाकघरात काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. काकूंनी माळ्यावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पितळी स्टोव्ह उतरवला होता. पंपाच्या चामड्याच्या वायसरला खोबरेल लावून मऊ केलं होतं. डावा हात टाकीवर दाबून त्यांनी उजव्या हातानं चावी बर्नरच्या बुडाशी बसवली. षटकोनी खाच नटावर सुळकन चढली. एक बारीक कुरकुर झाली आणि नट फिरला.

काका दारात उभे होते. त्यांच्या ४१२ पान्यांपैकी एकाला त्याचा नट भेटला होता, आणि तो त्यांच्याच घरात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, सगळा वेळ बसलेला होता. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील.

"अगं, जपून," काका कळवळून म्हणाले, "अक्षरांना ओरखडा पडेल!"

काकूंनी वर न बघता आणखी अर्धा आटा आवळला. "काडेपेटी द्या," म्हणाल्या. "आणि उद्या बिडाचा तवा आणा."